उमेदवार कोण ठरवतं?

माझा मामेभाऊ गेली बरीच वर्षं न्यू जर्सीत आहे. तिकडचा नागरिक झाल्यापासून तो दर जूनमध्ये ‘प्रायमरी’ला मत देऊन येतो. म्हणजे नोव्हेंबरात पक्षांची आपसात लढत व्हायची, पण त्याआधी आपल्या पक्षाचा उमेदवार कोण असावा हेही सामान्य मतदारच ठरवणार. आपल्याकडे निवडणुका आल्या की त्याचा फोनवर ठरलेला प्रश्न असतो, “दादा, तुमच्याकडे हे का नाही?” मी ठरलेलं उत्तर देतो, “आमच्याकडे उमेदवार मुंबई-दिल्लीहून पार्सलने येतो.” तो हसतो, विषय संपतो.

पण उत्तर इतकं सोपं नाही. आपल्याकडे प्रायमरी नव्हतीच असं नाही. तिचं बी होतं, आणि तेही चार आण्यांत मिळत होतं. आमच्या लासूर स्टेशनसारख्या गावातून पाहिलं की ही गोष्ट जास्त नीट कळते असं मला वाटतं.

ज्यांना लासूर माहीत नाही त्यांच्यासाठी थोडंसं. मूळ लासूर शिवना नदीकाठचं, दाक्षायणी देवीचं गाव. मनमाडहून हैदराबादकडे जाणारी निजामाच्या राज्यातली मीटरगेज लाईन १९०० च्या सुमारास सुरू झाली आणि स्टेशनाभोवती दुसरं गाव उभं राहिलं, ते लासूर स्टेशन. तालुका गंगापूर. पुढे लाईन ब्रॉडगेज झाली. कापूस, मका, कांदा, आडत दुकानं, हमाल, मुनीम, गाडीची वाट पाहणारी माणसं… बाजाराचं गाव, त्यामुळे राजकारणाचंही गाव. माझे आजोबा इथेच एका आडतीवर मुनीम होते.

आता त्या काळाचा विचार करा. मनमाड इंग्रजांच्या मुलखात आणि लासूर निजामाच्या. गाडीने काही तासांचं अंतर, पण राजकारणात जमीन-अस्मानाचा फरक. १९३७ साली तिकडे मुंबई इलाख्यात विधानसभेच्या निवडणुका झाल्या, काँग्रेसचं मंत्रिमंडळ आलं. इकडे त्याच वर्षी परतूरला महाराष्ट्र परिषद भरली तर तेवढंच मोठं धाडस मानलं गेलं. १९३८ साली हैदराबाद स्टेट काँग्रेस नीट स्थापन होण्याआधीच तिच्यावर बंदी आली. स्वामी रामानंद तीर्थ आणि त्यांचे सहकारी सत्याग्रह करून तुरुंगात गेले. बंदी उठली ती थेट १९४६ मध्ये.

गंमत म्हणजे बंदी उठल्यावर स्टेट काँग्रेसने जी पहिली मोठी निवडणूक लढवली ती आपसातच. अध्यक्ष कोण, स्वामीजी की बुर्गुल रामकृष्णराव? स्वामीजी अगदी थोडक्या मतांनी निवडून आले. जून १९४७ मध्ये हैदराबादला मुशीराबादेत त्यांच्या अध्यक्षतेखाली अधिवेशन भरलं. निजामाने देऊ केलेल्या विधानसभेवर याच संघटनेने बहिष्कार टाकला होता. म्हणजे मराठवाड्यातल्या कार्यकर्त्यांनी सरकार निवडण्याच्या आधी आपला पक्षाध्यक्ष निवडला. मतदानाची सवय लागली ती पक्षाच्या आत. हे मला फार महत्त्वाचं वाटतं.

याचं मूळ १९२० च्या नागपूर अधिवेशनात आहे. गांधीजींनी काँग्रेसची नवी घटना आणली. वर्षाला चार आणे भरा आणि सभासद व्हा. सभासदाने खालच्या समितीला निवडायचं, तिने वरच्या समितीला, असं करत थेट अखिल भारतीय समितीपर्यंत. चवन्नीचा सभासद कागदावर का होईना, पक्षाचा मालक होता. पुढे याच सभासदाला ‘प्राथमिक सभासद’ म्हणू लागले. मामेभावाच्या प्रायमरीचा आणि आपल्या प्राथमिकचा अर्थ एकच, सर्वांत खालची, पहिली पायरी.

मग बिनसलं कुठे? तर पावती पुस्तकात.

आजोबा सांगायचे की एका पक्षाची सभासद नोंदणी निघाली की पावती पुस्तकं घेऊन माणूस आडतीवर यायचा. शेठजी गल्ल्यातून एकदम पन्नास-साठ जणांचे पैसे काढून द्यायचे आणि आजोबा हमालांची नावं लिहून द्यायचे. मुनीमच तो, अक्षर चांगलं! पावत्या शेठजींच्या कपाटात राहायच्या. हमालाला आपण सभासद असल्याचा पत्ताच नसायचा. तालुक्याला निवड असली की ‘लासूरची इतकी मतं आमच्याकडे’ असं शेठजी सांगू शकायचे. आजोबांच्या बोलण्यात यात राग नव्हता, रीतच तशी होती असं ते म्हणत.

ही रीत एका गावापुरती नव्हती. स्वातंत्र्यानंतर बोगस सभासदांची तक्रार देशभर होती. तरीही पक्षाच्या आतल्या निवडणुका तेव्हा खऱ्या चुरशीच्या होत, हेही सांगायला हवं. १९५० च्या काँग्रेस अध्यक्षपदाच्या निवडणुकीत पुरुषोत्तमदास टंडन यांना १३०६, आचार्य कृपलानींना १०९२ आणि आपल्या शंकरराव देवांना २०२ मतं पडली. पण पुढे काय झालं? टंडन आणि नेहरूंचं पटेना. पहिली सार्वत्रिक निवडणूक तोंडावर असताना सप्टेंबर १९५१ मध्ये टंडनांनी राजीनामा दिला आणि नेहरू स्वतः अध्यक्ष झाले. प्रतिनिधींनी निवडलेला माणूस गेला, लोकांना हवासा माणूस आला. देशाचं कदाचित भलंच झालं असेल. पण पक्षातलं मत हे शेवटचं मत नसतं, हा धडा सगळ्यांनी तेव्हाच घेतला.

मराठवाड्यातल्या सामान्य माणसाने प्रौढ मतदान पहिल्यांदा पाहिलं ते याच निवडणुकीत. प्रत्येक उमेदवाराची वेगळी पेटी, पेटीवर चिन्हाचं चित्र. बैलजोडीच्या पेटीत चिठ्ठी टाकली की मत काँग्रेसला. हैदराबाद विधानसभेच्या १७५ पैकी ९३ जागा काँग्रेसने जिंकल्या आणि मुख्यमंत्री झाले ते रामकृष्णराव, पक्षाच्या निवडणुकीत स्वामीजींकडून हरलेले! स्वामीजी तेव्हा गुलबर्ग्याहून लोकसभेवर गेले आणि १९५७ मध्ये आपल्या औरंगाबादहून. त्यांचा जन्म विजापूर जिल्ह्यातला, म्हणजे आजच्या भाषेत ‘बाहेरचा उमेदवार’. कोणी तक्रार केल्याचं आमच्या घरात तरी ऐकलं नाही. म्हणून मला वाटतं, मुद्दा उमेदवार स्थानिक आहे की नाही हा नाहीच. तो ठरवताना आपल्याला कोणी विचारलं का, हा आहे.

आणि विचारणं हळूहळू बंदच झालं. काँग्रेसमध्ये १९७२ नंतर संघटनात्मक निवडणुका झाल्या त्या थेट १९९२ मध्ये. मध्ये वीस वर्षं सगळ्या नेमणुका वरून. या वीस वर्षांत ज्यांनी राजकारणात पाऊल टाकलं त्यांना पक्षात मत मागायचं असतं हेच माहीत नव्हतं. इतर पक्षांना नावं ठेवून काँग्रेसला सोडायचं नाही आणि काँग्रेसला ठेवून इतरांनाही नाही. शिवसेनेत ‘आदेश’ हा अभिमानाचा शब्द होता, भाजपची यादी दिल्लीच्या बैठकीतून येते.

मग कार्यकर्त्याला उरलं काय? गर्दी! निवडणूक जवळ आली की पक्षाचे निरीक्षक जिल्ह्याच्या गावी येतात. इच्छुकांच्या मुलाखती म्हणतात त्याला. इच्छुक एकटा कधीच जात नाही. लासूरहून जीपा भरतात, गुलाल, हार, फटाके, वाटेत नाश्ता. विश्रामगृहाच्या किंवा पक्ष कार्यालयाच्या आवारात ‘आगे बढो’च्या घोषणा. पेपरात दुसऱ्या दिवशी मथळा, ‘इच्छुकांचं शक्तिप्रदर्शन’. नीट पाहिलं तर ही आपली प्रायमरीच आहे. मतदार गोळा होतात, प्रचार होतो, घोषणा होतात, फक्त मतदान तेवढं होत नाही. मोजणी निरीक्षकाच्या डोळ्यांनी. संध्याकाळी जीपा परत येतात आणि तिकीट कोणाला हे कळतं ते अर्ज भरायच्या शेवटच्या दिवशी, एबी फॉर्म कोणाच्या हातात पडतो त्यावरून. अर्ज भरून बसलेल्या माणसाचं सारं लक्ष त्या दोन कागदांकडे. कायद्यालाही तेवढेच कागद लागतात. उमेदवार कसा निवडला हे तो विचारत नाही.

२०१४ साली मात्र एक प्रयोग झाला. राहुल गांधींच्या पुढाकाराने काँग्रेसने देशातल्या काही निवडक लोकसभा मतदारसंघांत प्रायमरी घेतली. महाराष्ट्रात लातूर आणि वर्धा. मत सामान्य मतदाराला नव्हतं, पक्षाच्या पदाधिकाऱ्यांना होतं, पण मतदान झालं हे खरं. लातूरला दत्तात्रय बनसोडे निवडून आले, वर्ध्याला सागर मेघे, म्हणजे तिथल्या खासदारांचेच चिरंजीव. पुढे खऱ्या निवडणुकीत दोघेही हरले. वडोदऱ्याला तर नरेंद्र रावत प्रायमरी जिंकले आणि समोर नरेंद्र मोदी उभे राहिल्यावर तिकीट मधुसूदन मिस्त्रींना गेलं. २०१९ च्या लोकसभेला हा प्रयोग पुन्हा कोणी केला नाही.

हरले म्हणून प्रयोग वाईट होता असं मी म्हणणार नाही. २०१४ च्या लाटेत वरून आलेले उमेदवारही हरलेच की. पण जिथे पदाधिकारीच वरून नेमलेले, तिथे त्यांचं मत म्हणजे शेठजींच्या कपाटातल्या पावत्याच. २०२२ मध्ये काँग्रेसने अध्यक्षपदासाठी मतदान घेतलं. खर्गेंना ७८९७ मतं, थरूरांना १०७२. आकडे छापून आले हेच मला विशेष वाटलं.

अमेरिकेतही हे आपोआप झालेलं नाही. विस्कॉन्सिन राज्यात रॉबर्ट ला फॉलेट नावाचा पुढारी १८९६ आणि १८९८ मध्ये गव्हर्नरपदाचं तिकीट मागून पक्षाच्या अधिवेशनात हरला. अधिवेशनं रेल्वे आणि लाकूड कंपन्यांच्या खिशात आहेत, असं तो गावोगाव सांगत फिरला. १९०० मध्ये निवडून आल्यावर त्याने प्रायमरीचा कायदा करायला घेतला, तो १९०३ मध्ये झाला. आपला आणि त्यांचा फरक इथे आहे. त्यांनी तो हक्क कायद्यात लिहिला, आपण पक्षाच्या घटनेत. कायदा मोडला तर कोर्टात जाता येतं. पक्षाची घटना मोडली तर जायचं कुठे? ज्याने मोडली त्याच्याचकडे.

असो. आपल्या लोकांनी यावर स्वतःचा उपाय काढला आहे, त्याचं नाव बंडखोरी. १९९५ च्या विधानसभेत तब्बल ४५ अपक्ष निवडून आले. त्यातले कितीतरी काँग्रेसने तिकीट नाकारलेले. त्यातल्या अनेकांच्या पाठिंब्यावर युतीचं सरकार बसलं. आमच्या गंगापूर मतदारसंघातच २००९ मध्ये प्रशांत बंब अपक्ष म्हणून निवडून आले आणि २०१४ पासून ते भाजपचे आमदार आहेत. म्हणजे मतदारांनी आधी माणूस निवडला, पक्षाने त्याला नंतर स्वीकारलं. क्रम उलटा, पण काम प्रायमरीचंच. ‘बंडखोर’ हा शब्द पक्षांचा आहे. मतदाराच्या बाजूने पाहिलं तर तो फक्त पुन्हा एकदा विचारलेला प्रश्न असतो.

पण हा उपाय महाग आहे. पक्षाशिवाय उभं राहायचं तर पदरचा पैसा लागतो आणि तो आडतीवर पोती उचलणाऱ्याकडे नसतो. चवन्नीची मूळ कल्पना नेमकी त्याच्यासाठी होती. हमालाचे चार आणे आणि शेठजींचे चार आणे, मत सारखंच! ती कल्पना चुकीची ठरली असं मला वाटत नाही. हमालाची पावती हमालाच्या हातात द्यायची राहिली, एवढंच.

आमच्या मोठ्या काकांना विचारलं तेव्हा ते म्हणाले, जुन्या कागदांत कुठेतरी अशी एखादी पावती असायला हवी. दिवाळीला सगळे लासूरला जमणार आहोत, तेव्हा माळ्यावरची ट्रंक काढू. तुमच्यापैकी कोणाच्या घरी, कोणत्याही पक्षाची का असेना, जुनी सभासद पावती असेल तर जपून ठेवा आणि मला जरूर दाखवा. तिच्यावर कोणाचं नाव आहे ते बघा, आणि ती त्या माणसाला कधी मिळाली होती का, तेही घरातल्या मोठ्यांना विचारा.