सूर्यफूल आलं कुठून, गेलं कुठे?

आजचा भाग ऐकायच्या आधी एक काम करा. स्वयंपाकघरात जा आणि तेलाची पिशवी बघा. पिवळं फूल छापलेली पिशवी निघाली तर हा भाग तुमच्यासाठी आहे. सोयाबीनची निघाली तरी तुमच्यासाठीच आहे, कारण या गोष्टीत सोयाबीन मध्येच घुसतं आणि फूल बाहेर पडतं.

मी दवनीवाड्याचा. गोंदिया जिल्हा, वैनगंगेचं खोरं, जिकडे बघाल तिकडे धान. मध्य प्रदेश अगदी शेजारी, त्यामुळे आमच्याकडे सूर्यफूल म्हणणारे कमी, सूरजमुखी म्हणणारे जास्त. पण ती दिसते कुठे? अंगणात, शाळेच्या बागेत, नाहीतर कुणाच्या तरी मोबाइलच्या वॉलपेपरवर. बांधीत दिसत नाही. का दिसत नाही, याच्या मागे लागलो आणि अमेरिका, रशिया, लातूर असं सगळं फिरून आलो. बसल्या जागी, अर्थात.

सूर्यफूल मूळचं उत्तर अमेरिकेचं. तिथल्या आदिवासींनी ते चार हजार वर्षांहून आधी माणसाळवलं. रानटी सूर्यफुलाला खूप फांद्या आणि बारकी बारकी फुलं असतात. दरवर्षी मोठ्या फुलाचं, मोठ्या दाण्याचं बी राखून ठेवत ठेवत त्यांनी एका दांड्यावर एक भलंमोठं फूल आणलं. प्रयोगशाळा नाही, विद्यापीठ नाही, फक्त बायामाणसांची नजर आणि पुढच्या वर्षासाठी राखलेलं बियाणं. आपल्याकडे धानाच्या जाती अशाच तर घडल्या.

सोळाव्या शतकात स्पॅनिश लोकांनी ते युरोपात नेलं आणि तिथे त्याचं झालं शोभेचं फूल. बरीच वर्षं फक्त बघायचं. त्याला तेलाचं पीक केलं रशियाने. आणि त्यामागे, असं सांगतात, उपवास होता! तिथल्या ऑर्थोडॉक्स चर्चच्या लांबलचक उपवासात लोणी, चरबी चालत नसे. सूर्यफूल नवीन होतं, ते मनाईच्या यादीत नव्हतं. आपल्याकडे उपवासाला साबुदाणा चालतो ना, तसंच काहीसं. तो कसावाही अमेरिकेचाच. १८३० च्या सुमारास अलेक्सेयेव्का गावच्या बोकारेव नावाच्या एका वेठबिगार शेतकऱ्याने त्याचं तेल काढलं आणि मग तिकडे गावोगाव घाण्या सुरू झाल्या.

पण मला या सगळ्यात सगळ्यात जास्त आवडलेला माणूस वेगळाच आहे. वासिली पुस्तोवोइत. १९१२ साली दक्षिण रशियात, आजच्या क्रास्नोदारजवळ, हा तरुण एका प्रयोगाच्या शेतावर कामाला लागला आणि पुढची साठ वर्षं सूर्यफुलातच राहिला. मध्ये दोन महायुद्धं झाली, क्रांती झाली, दुष्काळ झाले. हा आपला एकेका झाडाचं बी वेगळं काढून त्यातलं तेल मोजतोय. सुरुवातीला दाण्यात ३० टक्क्यांच्या आसपास तेल असायचं, ते त्याने ५० टक्क्यांवर नेलं. त्याच्या वाणांशिवाय आपल्या स्वयंपाकघरातली ती पिशवी दिसली नसती, असं मी म्हणेन. त्याचं नाव मात्र कुणाला माहीत नाही. व्हॅन गॉगचं माहीत आहे.

आता भारत. साठच्या दशकात आपल्याकडे खाद्यतेलाची चणचण होती. भुईमुगावर सगळी भिस्त आणि भुईमूग पावसाच्या भरवशावर. १९६९ मध्ये सोव्हिएत रशियाचे चार वाण भारतात आणले गेले. 'पेरेडोविक' हा त्यातला एक. १९७२ पासून शेतकऱ्यांच्या शेतात लागवड सुरू झाली. १९७२ म्हणजे महाराष्ट्रातल्या मोठ्या दुष्काळाचं साल, आणि पुस्तोवोइत वारला तेही साल.

सुरुवात काही खास नव्हती. फूल ताटाएवढं यायचं आणि मधले दाणे पोचट निघायचे. त्याचं कारण समजून घ्या, पुढे लागेल. आपण ज्याला एक फूल म्हणतो ते खरं तर शेकडो बारीक फुलांचं गाव असतं. प्रत्येक बारीक फुलाला दुसऱ्या झाडाचा पराग मिळाला तर दाणा भरतो. तो पराग आणतात मधमाश्या. माशी नाही तर दाणा नाही.

मग कॅनडाकडून 'मॉर्डेन' नावाचा बुटका, लवकर येणारा वाण आला. १९८० मध्ये बंगळुरूच्या कृषी विद्यापीठाने बीएसएच-१ हा संकरित वाण दिला आणि चित्र पालटलं. १९८६ मध्ये केंद्र सरकारने तेलबिया तंत्रज्ञान अभियान काढलं. टीव्हीवर सूर्यफूल तेलाच्या जाहिराती आल्या, तुमच्या आईबाबांना विचारा, त्यांना अजून आठवत असतील. आणि महाराष्ट्रात लातूर, उस्मानाबाद, सोलापूर, बीड, नांदेड हा पट्टा पिवळा झाला. हे पीक दिवस लहान की मोठा ते बघत नाही, त्यामुळे खरीप, रब्बी, उन्हाळी, कधीही पेरा. सोटमूळ खोल जातं, पाण्याचा ताण थोडाफार सोसतं. ८५ ते १०० दिवसांत घरात येतं. मराठवाड्यासारख्या भागाला यापेक्षा काय हवं? लातूरच्या गळीतधान्य संशोधन केंद्राने तर स्वतःचे वाण काढले.

१९९३-९४ मध्ये देशात जवळपास २७ लाख हेक्टरवर सूर्यफूल होतं. त्या काळात देशाला लागणारं जवळजवळ सगळं खाद्यतेल देशातच तयार होत होतं. हे वाक्य परत ऐका. तीस वर्षांपूर्वी आपण तेलात स्वावलंबी व्हायच्या उंबरठ्यावर होतो.

आणि आज? त्या क्षेत्राचा दहावा हिस्साही उरलेला नाही.

कारणं तीन-चार आहेत आणि ती एकमेकांत गुंतलेली आहेत. १९९४ पासून आयात खुली होत गेली, आधी पामोलिन, मग बाकीची तेलं. बाहेरचं तेल स्वस्त पडलं आणि इथल्या दाण्याचा भाव बसला. त्यातच १९९७ नंतर कर्नाटकातून नेक्रोसिस नावाचा विषाणूजन्य रोग पसरला. तो जगतो गाजरगवतावर आणि पसरतो फुलकिड्यांमार्फत. गाजरगवत कुठे नाही सांगा मला! मग पोपट. (आमच्याकडे पोपट म्हणजे धुऱ्यावरच्या वालाच्या शेंगा, पण मी पक्ष्याबद्दल बोलतोय.) सगळ्या शिवारात सूर्यफूल असतं तेव्हा पोपटांचं खाणं वाटलं जातं. एकट्याचंच शेत उरलं की सगळा थवा त्याच्यावर. म्हणजे एकाने सोडलं की शेजाऱ्याला सोडावंच लागतं. आणि शेवटी सोयाबीन आलं. त्याला पोपट राखावे लागत नाहीत. मला विचाराल तर आयात धोरणाने घाव घातला, बाकीच्यांनी फक्त ढकललं.

त्याची किंमत फेब्रुवारी २०२२ मध्ये कळली. रशियाने युक्रेनवर हल्ला केला. आपलं बहुतेक सूर्यफूल तेल याच दोन देशांतून, काळ्या समुद्रातून येत होतं. काही दिवसांत पिशवीचा भाव चढला. लढाई तिकडे, फोडणी महाग इकडे.

आता आमच्या बांधीवर येऊ. गोंदियात सध्या घरोघरी एक प्रश्न आहे: उन्हाळी धान लावायचं की नाही? त्याला पाणी बांधीत उभं लागतं, एप्रिल-मेच्या उन्हात मोटर चालवायची, विहिरी खाली जाणार. सूरजमुखीला पेरल्यानंतर, कळी धरताना, फुलात आणि दाणा भरताना पाणी मिळालं की बरंचसं काम होतं. पैशाचं गणित करून बघू. २०२५-२६ चा हमीभाव सूर्यफुलाला क्विंटलला ७,७२१ रुपये, साध्या धानाला २,३६९. समजा एकरी ६ क्विंटल सूर्यफूल झालं, तर ४६ हजारांच्या वर. समजा एकरी २० क्विंटल धान झालं, तर ४७ हजारांच्या वर. हातात जवळपास तेवढेच, पाणी मात्र कितीतरी कमी. वरून तेल काढल्यावर ढेप गुरांना.

मग लोक लावत का नाहीत? कारण धानाला आधारभूत खरेदी केंद्र आहे. रांगेत उभं राहावं लागतं, पैसे उशिरा येतात, पण माल जातो. सूर्यफुलाचा हमीभाव कागदावर आहे, पण आपल्या गावाजवळ तो काटा कुठे लागतो? माझ्या मते सगळा पेच इथे आहे. पीक बदला म्हणून भाषणं देणाऱ्यांनी आधी काटा लावावा.

तरी कुणाला हौस असेल, तर पहिल्या वर्षी पाव एकर करा, स्वतःच्या घरच्या तेलापुरतं. धानाची चिखलट बांधी घेऊ नका, पाणी निघून जाईल असा उंच तुकडा घ्या. चार-पाच जणांनी शेजारी शेजारी, एकाच आठवड्यात पेरा, पोपटांचा भार वाटला जाईल. फुलात असताना कीटकनाशक फवारू नका, माश्या मरतात. माश्या कमी दिसल्या तर सकाळी ८ ते ११ मध्ये हाताला मऊ कापड गुंडाळून फुलांवरून हलकेच फिरवा, एकावरून दुसऱ्यावर. हे काम मुलं आनंदाने करतात. पाकळ्या उमलताना लिटरला २ ग्रॅम बोरॅक्स फवारलं तर दाणे भरायला मदत होते. फुलाची पाठ लिंबासारखी पिवळी झाली की कापा.

आणि हो, रील काढणाऱ्यांसाठी एक. सूर्यफूल दिवसभर सूर्यामागे फिरतं हे अर्धंच खरं आहे. फिरतं ते कोवळं झाड. फूल पूर्ण उमललं की ते पूर्वेकडे तोंड करून थांबतं. २०१६ मध्ये कॅलिफोर्नियातल्या शास्त्रज्ञांनी कुंड्या वळवून बघितल्या, तर पूर्वेकडे तोंड असलेली फुलं सकाळी लवकर गरम होतात आणि त्यांच्यावर माश्या कितीतरी जास्त येतात, असं दिसलं. तेव्हा फोटो सकाळीच काढा, पूर्वेच्या धुऱ्यावर उभं राहून. संध्याकाळी पश्चिमेकडून गेलात तर सगळ्यांची पाठच दिसेल.

पुढच्या भागात जवस. ते आमचं जुनं, घरचं तेल. भेटू.