खारदांडा (तळटीप)

वांद्रे आणि जुहूच्या मधला कोळीवाडा. लेखकाने त्याला ‘मुंबईतले गाव’ म्हटले असले, तरी सतराव्या-अठराव्या शतकांत तो साष्टी बेटात मोडे. इंग्लंड-पोर्तुगाल राजघराण्यांमधल्या १६६१च्या विवाहकराराने इंग्रजांना मुंबई मिळाली. साष्टी पोर्तुगिजांकडेच राहिली. मराठा सेनानी चिमाजी अप्पांच्या फौजांनी ती १७३७मध्ये सोडवली. डिसेंबर १७७४मध्ये इंग्रजांनी ठाण्याचा किल्ला बळकावला आणि पुढे पहिले इंग्रज-मराठा युद्ध पेटले. वडगावला १७७९मध्ये इंग्रजांना नमवूनही सालबाईच्या तहात (१७८२) मराठ्यांच्या हातून साष्टी गेली, ही त्या विजयी युद्धाची सर्वांत बोचणारी बाजू. साष्टीवरल्या आजच्या उपनगरांतला परकीय सत्तेविरुद्धचा लढा १८५७पासून मोजणे म्हणूनच चुकीचे आहे.