जुना डिशवॉशर भांडी नीट धूत नाही? नवीन घेण्याआधी हे तपासा

आमच्या घरचा डिशवॉशर ९ वर्षांचा आहे. या पावसाळ्यापासून वाट्यांच्या कडेला वरणाचा थर राहायला लागला, चमच्यांवर बारीक कण, ग्लासांवर पांढरट झाक. मेकॅनिकने दार उघडून पाहिलं आणि दोन मिनिटांत सांगितलं, ‘मोटर गेलीय, साडेसहा हजार. त्यापेक्षा नवीनच घ्या.’ आईने तोवर परत सिंकमध्ये भांडी घासायला घेतली होती. रविवारी मी मोबाईलचा टॉर्च लावून आत डोकावलो. मोटर ठणठणीत होती.

आधी एक गोष्ट लक्षात घ्या. डिशवॉशर भांडी घासत नाही. तो तळाशी थोडं पाणी घेतो, तापवतो आणि पंपाने तेच पाणी फिरत्या स्प्रे आर्मच्या भोकांतून परत परत भांड्यांवर मारतो. म्हणजे पाण्याचा जोर, उष्णता आणि पावडर यातलं काहीही कमी पडलं की भांडी अर्धवट राहतात. मशीन जुनं झालं की जोर कमी होतो हे खरं, पण बहुतेक वेळा कारण पंप नसतो, कचरा असतो.

फिल्टर आणि स्प्रे आर्म

प्लग काढा. खालची जाळी बाहेर घ्या. तळाशी असलेला फिल्टर बहुतेक मशीनमध्ये फिरवून निघतो. आमच्या फिल्टरवर भाताची पेज आणि तेल मिळून चक्क चिकट साय धरली होती. गरम पाणी, भांड्यांचा साबण आणि जुना टूथब्रश पुरे. फिल्टरखालच्या खड्ड्यात हात घालण्याआधी टॉर्च मारा, तिथे काचेचा तुकडा असू शकतो.

मग स्प्रे आर्म. खालचा साधारणपणे वर ओढला की निघतो, वरच्याला नट असतो. तुमच्या मॉडेलचं कळत नसेल तर दाराच्या कडेवरच्या स्टिकरचा फोटो काढा आणि मॉडेल नंबर टाकून मॅन्युअल शोधा. भोकं मोबाईल कॅमेरा झूम करून बघा. आमच्या आर्ममध्ये मोहरीचे तीन दाणे आणि बरणीच्या लेबलचा कागद अडकला होता! टूथपिकने कचरा बाहेर ओढायचा, आत ढकलायचा नाही. मग आर्म नळाखाली धरून हलवा, आतलं उरलेलं खडखडतं.

परत बसवल्यावर आर्म हाताने फिरवून बघा. उंच पातेलं किंवा जाळीतून खाली आलेला झारा त्याला अडवतो. खात्री करायची असेल तर आर्म कुठल्या दिशेला आहे त्याचा फोटो काढा, मशीन सुरू करा, पाच-सात मिनिटांनी थांबवून सावकाश दार उघडा. आर्म जागचा हलला नसेल तर पाणी नीट येत नाहीये किंवा काहीतरी आडवं येतंय.

पांढरी झाक

हे वेगळं प्रकरण आहे. ग्लासाला व्हिनेगर चोळा. डाग गेला तर तो जड पाण्याचा क्षार आहे. नाही गेला तर काचच झिजली आहे, ती परत चकचकीत होणार नाही.

आमच्याकडे क्षारच होता. सोसायटीत उन्हाळ्यापासून टँकर सुरू झाला आणि मशीनचं सेटिंग मात्र जुन्या नळाच्या पाण्याचंच राहिलं. मशीनमध्ये मीठ टाकतात ते पाणी मऊ करणाऱ्या भागासाठी. पाणी किती जड आहे ते मशीनला सेटिंगमधून सांगावं लागतं. इथे टीडीएस मीटरवर विसंबू नका, तो विरघळलेलं सगळंच मोजतो. जडपणा कॅल्शियम आणि मॅग्नेशियममुळे येतो, त्यासाठी हार्डनेस मोजायच्या पट्ट्या मिळतात. आणि स्वयंपाकघरातलं बारीक मीठ टाकू नका, डिशवॉशरचं जाड मीठच वापरा. साठलेल्या क्षारासाठी रिकामं मशीन सायट्रिक ॲसिड घालून सर्वात गरम प्रोग्रॅमवर एकदा चालवा. त्यासोबत ब्लीच अजिबात नको.

पावडर आणि उष्णता

पावसाळ्यात उघड्या राहिलेल्या पावडरचे गोळे होतात आणि तिचा जोरही जातो. हवाबंद डब्यात ठेवा. पावडर कप्प्यातच राहत असेल तर बहुतेक समोरच्या ताटामुळे त्याचं झाकण उघडत नाहीये. तेलकट भांड्यांना अर्ध्या तासाचा क्विक प्रोग्रॅम पुरत नाही, ६५-७० अंशांचा लावा. तो संपल्या संपल्या स्टीलचं भांडं चांगलं गरम लागलं पाहिजे. गार लागलं तर हीटर तपासायला हवा, आणि ते काम मेकॅनिकचं.

एवढं सगळं करूनही पाण्याला जोर नसेल, तर पाणी आत घेणाऱ्या पाइपच्या तोंडाची जाळी आणि नळाचा दाब बघायला सांगा. पंपाचा नंबर त्यानंतर. मेकॅनिक ‘मोटर गेली’ म्हणाला तर कशावरून ते विचारा, आणि पार्टचं नाव बिलावर लिहून घ्या.

आमच्या वाट्या आता स्वच्छ निघतात. ॲल्युमिनियमची कढई मात्र काळीच पडते. पण ती डिशवॉशरच्या पावडरीने पडणारच, मी तिला आता आत ठेवतच नाही.