लाजेवर चालणारा सापळा : लॉस एंजेलिस, १९५२

आता १९५२ सालच्या लॉस एंजेलिसकडे वळूया. तिथल्या पोलिसांची एक ठरलेली पद्धत होती. साध्या कपड्यांतला पोलीस बागेत, बारमध्ये पुरुषांशी सलगी करायचा. समोरचा जरा बोलू लागला की बेड्या! आरोप काय, तर यानेच मला अनैतिक कृत्यासाठी गळ घातली. बहुतेक जण मुकाट्याने गुन्हा कबूल करायचे. कारण खटला लढायचा म्हणजे चारचौघांत नाव होणार, नोकरी जाणार.

डेल जेनिंग्ज मात्र लढले. मॅटाशीन सोसायटी या समलिंगी पुरुषांच्या संघटनेचे ते एक संस्थापक. त्यांचं म्हणणं असं की, तो माणूस बागेपासून माझ्या पाठोपाठ थेट घरात शिरला. सोबत्यांनी समिती काढली, पैसे जमवले, जॉर्ज शिब्ली यांना वकील म्हणून उभं केलं.

आता बचाव बघा. कोर्टात उघड सांगितलं गेलं : होय, जेनिंग्ज समलिंगी आहेत, पण हा गुन्हा त्यांनी केलेला नाही. माणूस कोण आहे आणि त्याने काय केलं, हे दोन प्रश्न ज्युरीपुढे वेगळे ठेवले गेले.

ज्युरीचं एकमत झालं नाही. ११ जण सुटकेच्या बाजूने, १ विरुद्ध. पुढे आरोप रद्द झाला. कायदा काही बदलला नाही. पण हा सापळा आरोपीच्या गप्प बसण्यावर चालत होता. एक जण बोलला, तेव्हा पोलिसाला उलटतपासणीला तोंड द्यावं लागलं.