मोटारीतील न दिसणारा जोड आणि त्याची परीक्षा

जालन्याच्या पोलाद कारखान्यांत तयार होणाऱ्या सळईची परीक्षा तशी सरळ असते. नमुन्याचा एक तुकडा यंत्रात तुटेपर्यंत ताणला जातो, दुसरा वाकवून पाहिला जातो. आयएस १७८६ या भारतीय मानकाच्या निकषांना तो उतरला की माल बाजारात जातो. मोटारीचा दरवाजा मात्र फाडून तपासला, तर तो विकता येत नाही. म्हणूनच वस्तूला धक्का न लावता तिचे अंतरंग पाहणाऱ्या अविनाशी चाचण्यांना वाहन उद्योगात महत्त्व आहे. १९८५ मध्ये वाळूजला बजाज ऑटोचा आणि २००१ मध्ये जालना रस्त्यावरील शेंद्रा येथे स्कोडाचा कारखाना सुरू झाल्यानंतर मराठवाड्यालाही हा विषय परका राहिलेला नाही.

चिकटद्रव्य कशासाठी?

दरवाजा आणि बॉनेट यांचा बाहेरचा पत्रा आतल्या पत्र्यावर दुमडतात, तेव्हा त्या घडीत इपॉक्सी चिकटद्रव्य भरले जाते. रंगकामाच्या भट्टीतील सुमारे १७० ते १८० अंश सेल्सिअस उष्णतेत ते कडक होते. वेल्डिंगच्या ठिपक्यांवर ताण एकवटतो. चिकटद्रव्यामुळे तो संपूर्ण पट्टीवर विभागला जातो. शिवाय पाणी आत शिरत नाही आणि पोलाद व अॅल्युमिनियम हे भिन्न धातूही जोडता येतात. समोरची काच पॉलियुरेथेनने, तर अनेक वाहनांत ब्रेकचे लायनर चिकटद्रव्याने बसवलेले असते.

ध्वनी आणि उष्णतेची साक्ष

सर्वांत जुनी पद्धत म्हणजे हलक्या हातोडीने किंवा नाण्याने ठोकून पाहणे. पोकळ जागी आवाज बदबद येतो. श्राव्यातीत ध्वनीची चाचणी हे त्याचेच सूक्ष्म रूप असून, तिचे तत्त्व सोनोग्राफीसारखे आहे. पत्र्यावर जेल लावून त्यावर शोधक टेकवतात. पोलादात ध्वनी सेकंदाला सुमारे ५,९०० मीटर वेगाने धावतो. त्यामुळे एक मिलिमीटर जाडीचा पत्रा पार करून परतण्यास त्याला सेकंदाच्या दशलक्षांशाचा जेमतेम तिसरा हिस्सा लागतो. पत्र्यामागे चिकटद्रव्य असेल, तर ध्वनीची काही ऊर्जा त्यात शिरते आणि प्रतिध्वनी लवकर विरतात. पोकळी असेल, तर ते पत्र्यातच दीर्घकाळ घुमत राहतात.

दुसऱ्या पद्धतीत पृष्ठभाग क्षणभर तापवून अवरक्त कॅमेऱ्याने पाहिला जातो. पोकळीवरील भाग उशिरा निवतो आणि वेगळा दिसतो. लेसरवर आधारित शिअरोग्राफीत किंचित ताण देऊन पृष्ठभागाची सूक्ष्म हालचाल टिपतात.

फसवा जोड

या साऱ्या साधनांना एक दोष सहसा चकवतो. पत्र्यावर तेल वा धूळ राहिली, तर चिकटद्रव्य पत्र्याला टेकलेले असते, पण धरून ठेवत नाही. ध्वनी तेथून सुखरूप पार होतो आणि जोड निर्दोष भासतो. चाचणीतून चिकटद्रव्य आहे की नाही हे कळते. त्याची ताकद थेट मोजता येत नाही. त्यामुळे पत्र्याची स्वच्छता, चिकटद्रव्याच्या धारेवर कॅमेऱ्याची नजर, भट्टीच्या तापमानाची नोंद आणि अधूनमधून एखादा सांगाडा फाडून पाहणे यांना पर्याय नाही.

दुर्लक्षाची किंमत विमान उद्योगाने मोजली आहे. २८ एप्रिल १९८८ रोजी हवाई बेटांवर अलोहा एअरलाइन्सच्या बोइंग ७३७ विमानाचे छप्पर सुमारे २४ हजार फूट उंचीवर उडून गेले आणि एका हवाई सेविकेचा मृत्यू झाला. पत्र्यांचे चिकटवलेले जोड सुटून भार रिव्हेटांवर आला होता, त्यातून तडे वाढत गेले आणि तपासणीत ते लक्षात आले नाहीत.

गॅरेजमधील जोड

कारखान्यातील जोडाला निदान तपासणी असते; गॅरेजमध्ये बदललेल्या काचेला ती क्वचितच लाभते. अनेक मोटारींत समोरच्या प्रवाशाची एअरबॅग उघडताना काचेचा आधार घेते, तर गाडी उलटल्यास छताला तिची मदत होते. पॉलियुरेथेन हवेतील ओलाव्याने हळूहळू कडक होते. कोरड्या किंवा थंड हवेत त्याला अधिक वेळ लागतो. जालना जिल्ह्यातून जाणाऱ्या समृद्धी महामार्गावर मोटारींना ताशी १२० किलोमीटर वेगाची मुभा आहे. काच बदलल्यानंतर चिकटद्रव्याच्या उत्पादकाने सांगितलेला अवधी पूर्ण होईपर्यंत गाडी उभी ठेवणे, ही वाहनधारकाच्या हातातील सर्वांत सोपी खबरदारी होय.