खेळाडूचा दाम आणि वस्तादाचे काम

कोलार नदीच्या काठचे सावनेर मराठी वाचकाच्या ओळखीचे आहे ते बहुधा राम गणेश गडकऱ्यांमुळे. २३ जानेवारी १९१९ रोजी त्यांनी येथेच देह ठेवला. संत्र्यांच्या बागा आणि कोळशाच्या खाणी यांच्या शेजाराने वाढलेल्या या तालुक्याच्या गावी, विदर्भातील अशा कोणत्याही गावाप्रमाणेच, सायंकाळी मैदानावर फक्की मारून पोरांना कबड्डीचे डाव शिकवणारा जो मास्तर आढळतो, त्याच्या पेशाची वंशावळ मात्र कोणत्याही दप्तरात नोंदलेली नाही. आणि ती मांडू गेल्यास असे ध्यानात येते की, खेळाडूच्या पोटाची तजवीज कोण करतो, या एका प्रश्नाने हा पेशा जितका घडवला तितका तो खेळाच्या नियमांनीही घडवलेला नाही.

पूर्वी ही तजवीज दरबार करीत असे. संस्थानी अमदानीत मल्लाचा खुराक, म्हणजे दूध, तूप, बदाम, सरकारी कोठीतून वा एखाद्या श्रीमंत आश्रयदात्याकडून येई, वस्तादाची नेमणूकही त्याच हाताने होई, आणि म्हणून कोणास किती खुराक द्यावा, कोणाची जोड कोणाशी लावावी, कोण मैदानात उतरण्यास सिद्ध झाला, हे ठरवण्याचा वस्तादाचा अधिकार निर्विवाद राही. राजर्षी शाहू छत्रपतींनी कोल्हापुरास उभारलेले खासबागेचे मैदान हा या पद्धतीचा परमोत्कर्ष होय. नागपुरास मात्र तिसरे रघुजी भोसले १८५३ च्या डिसेंबरात निवर्तले, पाठोपाठ राज्य खालसा झाले, आणि दरबार गेला तसा दरबारी आश्रयही गेला.

पुढे वऱ्हाडात बलोपासनेस नवा आधार मिळाला तो समाजाचा. १९१४ साली अमरावतीस वैद्य बंधूंनी स्थापिलेल्या हनुमान व्यायाम प्रसारक मंडळाने व्यायाम हे राष्ट्रकार्य मानले, आणि १९३६ साली त्याच मंडळाच्या पथकाने बर्लिन येथील ऑलिंपिकप्रसंगी भारतीय खेळांची प्रात्यक्षिके जगासमोर करून दाखविली. या काळातील शिक्षकास मुशाहिरा नाममात्र किंवा मुळीच नसे, आणि शिष्यासही खेळातून द्रव्यलाभ व्हावयाचा नसे. दोघेही सारखेच निष्कांचन असल्यामुळे त्यांच्यातील नात्यात हिशेबाला जागाच नव्हती. ज्यांच्या जन्मदिनी, १५ जुलै रोजी, महाराष्ट्रात कबड्डी दिन साजरा होतो, ते शंकरराव तथा बुवा साळवी याच परंपरेचे. तिचे मोल मी कमी लेखीत नाही. तथापि त्या निरपेक्षतेचा भार गरीब घरच्या मुलावर सर्वांत अधिक पडे, हेही सांगितले पाहिजे, कारण ज्याच्या घरी दोन वेळची भ्रांत, त्याला राष्ट्रकार्य म्हणून दंड-बैठका फार वर्षे काढता येत नाहीत.

त्या मुलाला तिसऱ्या कालखंडाने हात दिला. रेल्वे, पोलीस, बँका, बंदरे आणि मोठे कारखाने खेळाडूंना नोकरीत घेऊन आपापले संघ बाळगू लागले, आणि २००५ साली महाराष्ट्र शासनाने आपल्या सेवांत खेळाडूंसाठी पाच टक्के आरक्षण ठेवले. येथून मास्तरांच्या कामात कागदाने प्रवेश केला. स्पर्धेचे प्रमाणपत्र, त्यावरील सही-शिक्का, निवडपत्र, संघटनेची मान्यता आणि अखेरीस पडताळणी, यांपैकी एक कागद कमी पडला तर मुलाची दहा वर्षांची मेहनत वाया जावयाची. म्हणून चढाई आणि पकड शिकवणारा मनुष्यच अर्ज तपासू लागला, शिफारस घेऊन नागपूरच्या कचेऱ्यांत खेटे घालू लागला. तरीही एक गोष्ट अबाधित होती: मुलगा नोकरीला लागेपर्यंत मास्तरांच्या हाताखालीच राही, आणि त्याला घडवण्यास पाच-सात वर्षांचा सलग अवधी मिळे.

२०१४ च्या मे महिन्यात मुंबईस प्रो कबड्डी लीगचा पहिला लिलाव झाला आणि हा अवधीच खुंटला. त्या लिलावात राकेश कुमार यांस पाटणा संघाने १२ लाख ८० हजार रुपयांस घेतले तेव्हा लोक चकित झाले. २०१९ साली चंदगडचे सिद्धार्थ देसाई १ कोटी ४५ लाखांस गेले, आणि २०२३ साली पवन सेहरावत यांची बोली २ कोटी ६० लाखांच्या वर पोहोचली. त्या वर्षी संघाची संपूर्ण थैली पाच कोटींची होती, म्हणजे निम्म्याहून अधिक रक्कम एका गड्यावर खर्ची पडली. आता लिलावाच्या मेजाशी बसलेल्या प्रशिक्षकाने उजव्या कोपऱ्याचा बचावपटू घ्यावा की चढाईपटूसाठी पैसा राखावा, हा निर्णय क्षणार्धात करावयाचा, आणि पुढील लिलावात तोच संघ मोडला की पुन्हा नव्याने बांधावयाचा.

अमेरिकेतील महाविद्यालयीन बास्केटबॉलवर हीच वेळ अधिक वेगाने आली. तेथे विद्यार्थी-खेळाडूस शिष्यवृत्तीपलीकडे काही देणे निषिद्ध होते. १ जुलै २०२१ पासून त्याला स्वतःच्या नावावर व प्रतिमेवर कमाई करण्याची मुभा मिळाली, आणि २०२५ च्या जूनमध्ये न्यायालयाने मान्य केलेल्या तडजोडीने विद्यापीठांना आपल्या खेळाडूंना वर्षाला सुमारे २ कोटी ५ लाख डॉलरपर्यंत थेट वाटण्याची परवानगी दिली. महाविद्यालय बदलण्याचे निर्बंधही सैल झाल्याने प्रशिक्षकाचा वसंत ऋतू सरावाऐवजी सौद्यांत जाऊ लागला. २०१९ साली व्हर्जिनियास राष्ट्रीय विजेतेपद मिळवून देणारे टोनी बेनेट यांनी २०२४ च्या ऑक्टोबरात, हंगाम तोंडावर असताना, या नव्या वातावरणास आपण योग्य नव्हे असे सांगून पद सोडले. आणि सेंट बोनाव्हेंचरसारख्या लहानशा विद्यापीठानेही बास्केटबॉल संघाचा व्यवहार पाहण्यास स्वतंत्र महाव्यवस्थापक नेमला.

आपल्या महाविद्यालयांत अद्याप इतका पैसा नाही. खेलो इंडिया योजनेत निवडलेल्यास दरमहा दहा हजार रुपये हातखर्चाला मिळतात, आणि खेडेगावातील घरात तेवढ्यानेही पुष्कळ फरक पडतो. खेळाडूला दाम मिळतो याबद्दल खंत करणाऱ्यांत मी नाही. ज्याच्या घोट्याच्या नि गुडघ्याच्या जिवावर तिकिटे खपतात, त्याला त्याचा वाटा मिळालाच पाहिजे. खंत आहे ती वेगळी. सुमार मुलाला डावा पाय पुढे टाकून बोनस कसा घ्यावा, घोट्याची पकड सुटू लागली की खांदा कोठे लावावा, हे शंभरदा करवून घेणारा जो पहिला मास्तर, त्याचे नाव बोलीच्या वेळी कोणी उच्चारीत नाही, आणि त्याच्या मंडळाला त्या रकमेतून मैदानावर टाकण्यापुरती माती मिळेल याचीही शाश्वती नसते.

फुटबॉलच्या जागतिक संघटनेने यावर तोड काढलेली आहे: खेळाडूच्या आंतरराष्ट्रीय हस्तांतराच्या रकमेतील पाच टक्के, बारा ते तेवीस या वयात त्याला ज्या ज्या मंडळांनी शिकवले, त्यांच्यात वाटले जातात. कबड्डीच्या लिलावालाही हाच दंडक लावावा. पवन सेहरावत यांच्या २०२३ च्या बोलीवर पाच टक्क्यांनी हिशेब केल्यास ती रक्कम तेरा लाखांच्या वर जाते, आणि तेवढ्यात तालुक्याच्या एखाद्या मंडळाचे मैदान, मॅट आणि मास्तरांचा दरमहा पगार कित्येक वर्षे चालेल.