पाठलागाचा खेळ

शर्यतीचें वेड महाराष्ट्राला नवें नाहीं. बैलगाड्यांच्या शर्यती सर्वोच्च न्यायालयानें २०१४ सालीं बंद केल्या, तरी गांवोगांवची मागणी थांबली नाहीं. २०२१ सालीं न्यायालयानेंच अटी घालून त्या पुन्हां खुल्या केल्या. मुंबईच्या उपनगरांतील मुलांना मात्र माळरानही नव्हतें आणि बैलजोडीही नव्हती. त्यांची शर्यत संगणकाच्या पडद्यावर रंगली, आणि तींत स्पर्धकांखेरीज आणखी एक गडी होता: पोलीस.

या गड्याचा इतिहास मोठा मौजेचा आहे. जपानांतील तैतो कंपनीच्या 'चेस एच. क्यू.' या १९८८ सालच्या खेळांत खेळणारा स्वतःच पोलीस असे. पळत्या गुन्हेगाराच्या मोटारीला धडका देऊन ती थांबविणें हें त्याचें काम. तीन वर्षांनीं अमेरिकेंतील इलेक्ट्रॉनिक आर्ट्स कंपनीनें 'रोड रॅश' काढला आणि भूमिका उलटली. आतां खेळणारा बेफाम मोटारसायकलस्वार झाला. शेजारच्या स्वाराला ठोसा लगावून त्यानें पुढें निसटावें, आणि शिपायाच्या हातीं सांपडल्यास जिंकलेल्या पैशांतून दंड भरावा, अशी त्या खेळाची रीत. याच कंपनीच्या 'नीड फॉर स्पीड' मालेंतील २००५ सालच्या 'मोस्ट वाँटेड'नें ती रीत कळसास नेली. पाठलाग लांबेल तसा खेळाडूच्या नांवावरील इनामाचा आंकडा वाढतो, आणि तो पुरेसा वाढल्यावांचून वरच्या प्रतिस्पर्ध्याला आव्हान देतां येत नाहीं. प्रथम साध्या गाड्या मागें लागतात. मग रस्त्यांत आडव्या लावलेल्या मोटारी, टायर फोडणाऱ्या खिळ्यांच्या पट्ट्या, आणि अखेर डोक्यावर हेलिकॉप्टर. पोलिसांचें बिनतारी संभाषणही खेळणाऱ्याच्या कानीं पडत राहतें.

अंधेरी, बोरिवली, घाटकोपर, मुलुंड येथील घरांत नि सायबर कॅफेंत अशा खेळांनीं मुलांना इतकें कां भुलविलें? १९५७ सालीं महापालिकेची हद्द दहिसर व मुलुंडपर्यंत गेली, आणि पुढें वस्ती झपाट्यानें वाढली. दक्षिणोत्तर जाणारे दोन द्रुतगती महामार्ग आणि लोहमार्ग यांवरच सारा भार पडला. लोकलच्या दाराशीं लोंबकळणाऱ्याला मोकळा रस्ता दिसणार तो पडद्यावरच. परंतु केवळ वेगानें हें आकर्षण उलगडत नाहीं. नुसत्या शर्यतींत झुंज घड्याळाशीं असते. पाठलागांत मात्र सारें शहर एका माणसाची दखल घेतें. गर्दींत ज्याच्याकडे कोणी वळूनही पाहत नाहीं, त्याच्यासाठीं येथें हेलिकॉप्टर उडतें.

या सुखाची किंमत कोणती, तें 'मोस्ट वाँटेड'च्या रॉकपोर्ट नगरीकडे नीट पाहिल्यास कळतें. तेथें रस्ता ओलांडणारा एकही पादचारी नाहीं. धडकेनंतर मोटार पुन्हां चालूं लागते आणि कोणाचेंच कांहीं बिघडत नाहीं. पश्चिम द्रुतगती महामार्गावर रात्रीं मोटारसायकलींच्या शर्यती लावणाऱ्या तरुणांवर मुंबई पोलिसांना वेळोवेळीं कारवाई करावी लागली आहे. १९८८ च्या मोटार वाहन कायद्याचें कलम १८९ अशा शर्यतींना गुन्हा ठरवितें. खेळानें तरुणांना बिघडविलें असें म्हणणें सोपें आहे. पण शर्यत ही खेळाहून फार जुनी. खेळानें एवढेंच केलें, कीं रस्त्यावरून माणसें काढून घेतलीं आणि मग वेग मोकळा सोडला. पडद्यावर तें निर्दोष आहे. महामार्गावर मात्र रात्रपाळीहून परतणारा कोणी ना कोणी रस्ता ओलांडीत असतोच.